दिवाळीच्या चॉकलेटसाठी कोको निवडताना: बालमजुरीविना पिकलेला माल कसा ओळखावा?

चुलीपाशी

नमस्कार. मी पुण्यात घरच्या घरी चॉकलेट तयार करून विकते. वर्षभर वाढदिवसांच्या मागण्या असतात, पण खरा व्यवसाय दिवाळीच्या आधीच्या चार-पाच आठवड्यांत होतो आणि तेवढ्या काळात साधारण साठ किलो चॉकलेट माझ्या हातून साच्यांत ओतले जाते. त्यासाठी लागणारे स्लॅब मी घाऊक विक्रेत्याकडून घेते. काही कंपाउंडचे, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य मेद घातलेले असतात, तर काही खऱ्या कोको बटरचे.

मागच्या आठवड्यात माझ्या एका जुन्या ग्राहकांनी चाळीस डब्यांची मागणी नोंदवली. ते कामगार खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि दरवर्षी एका वसतिगृहातील मुलांना माझी चॉकलेटे वाटतात. पैसे देताना त्यांनी सहज विचारले, "ज्या कोकोपासून तुम्ही हे करता, त्याची फळे कोणी फोडली हे तुम्हाला ठाऊक आहे का?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी स्लॅबची वेष्टने नीट वाचली. त्यांवर साखर, कोको घन पदार्थ, वनस्पतिजन्य मेद, लेसिथिन असे सर्व काही होते. कोको कोणत्या देशातला, याचा मात्र एक शब्दही नव्हता. विक्रेत्याला विचारले, तेव्हा "माल बाहेरचा आहे, एक नंबर आहे" एवढेच उत्तर मिळाले.

पश्चिम आफ्रिकेतील कोकोच्या शेतांवर लहान मुले राबतात, हे मी पूर्वी वाचले होते. ते वाचून बाजूला ठेवले, याचे मला आता वाईट वाटते. माझ्यापुढे तीन प्रश्न आहेत. वेष्टनावर बेडकाच्या चित्राचा किंवा फेअरट्रेडचा, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शिक्का असेल, तर त्या मालामागे मुलांचे श्रम नाहीत असे समजावे का? आपल्याकडे केरळ, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात पिकणारा कोको हा खरा पर्याय आहे का? आणि पूर्ण खात्री कधीच मिळणार नसेल, तर मी ग्राहकांना नेमके काय सांगावे, म्हणजे ते खोटे ठरणार नाही? ज्यांना या व्यवसायाची आतून माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे. श्रावण संपण्यापूर्वी मला मालाची मागणी नोंदवावी लागेल.

झानकाठ

मी गेली अकरा वर्षे नेदरलँड्समध्ये झान नदीच्या काठी राहतो. अॅमस्टरडॅम हे कोको उतरवणारे जगातील सर्वांत मोठे बंदर आहे आणि आमच्या भागात कोको दळणारे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. वारा योग्य दिशेचा असला की सकाळी घराबाहेर पडताच भाजलेल्या कोकोचा वास येतो. मी त्यांपैकी एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केले आहे, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो.

शिक्का असणे हे नसण्यापेक्षा चांगले, परंतु तुम्ही म्हणता तो अर्थ त्याला नाही. प्रमाणपत्र देणारी संस्था आपले नियम पाळण्याचे वचन शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून घेते आणि ठरावीक काळाने तिचे तपासनीस त्यांपैकी काही शेतांना भेट देतात. तपासनीस येणार हे बहुधा आधी माहीत असते, आणि वर्षातील उरलेल्या दिवसांत शेतावर कोण काम करते हे कोणत्याही शिक्क्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट ग्राहकांना सहसा सांगितली जात नाही. कोकोच्या व्यवहारात 'मास बॅलन्स' नावाची पद्धत सर्रास चालते. कारखान्याने शंभर टन प्रमाणित बिया विकत घेतल्या, तर तेवढ्या बियांच्या हिशेबाने त्याला उत्पादनावर शिक्का लावता येतो. पण प्रत्यक्षात त्या बिया इतर बियांबरोबर एकाच टाकीत दळल्या जातात. म्हणजे तुमच्या हातातील शिक्क्याच्या चॉकलेटमध्ये त्या शेतकऱ्याची एकही बी नसेल, असे घडू शकते. पैसे मात्र त्याच्यापर्यंत गेलेले असतात, म्हणून मी या पद्धतीला फसवणूक म्हणणार नाही. केवळ त्यातून 'ही वडी अमुक शेतातून आली' असा अर्थ काढू नये.

दोन शिक्क्यांमध्येही फरक आहे. बेडकाचे चिन्ह रेनफॉरेस्ट अलायन्सचे. २०१८ साली उत्झ ही दुसरी संस्था तिच्यात विलीन झाली. रेनफॉरेस्ट अलायन्सचा भर शेतीच्या पद्धती, जंगल आणि कामाच्या अटी यांवर आहे, पण ती शेतकऱ्याला किमान भावाची हमी देत नाही. फेअरट्रेड ती देते. २०१९ च्या ऑक्टोबरपासून तिने साध्या कोकोसाठी टनामागे २,४०० डॉलरचा किमान भाव आणि त्यावर सहकारी संस्थेसाठी २४० डॉलर अधिमूल्य ठरवले होते. बाजार कोसळला की या हमीचे महत्त्व कळते.

टोनीज चोकोलोनली या इथल्या कंपनीचे उदाहरण मुद्दाम सांगतो. टेउन व्हान दे केउकेन या डच पत्रकाराने, चॉकलेट खाऊन आपण गुलामगिरीला साहाय्य केले आहे, तेव्हा आपल्यावर खटला भरावा अशी मागणी केली होती; त्या मोहिमेतून २००५ साली ही कंपनी उभी राहिली. ती ठरावीक सहकारी संस्थांकडून थेट बिया घेते, जास्त भाव देते, आणि त्या बिया कारखान्यात वेगळ्या टाकीत ठेवून दळून घेते. तरीही आपल्या शेतकऱ्यांच्या घरांत बालमजुरीची किती प्रकरणे सापडली, हे ती दरवर्षी आपल्या अहवालात छापते. मला ही गोष्ट सर्वांत विश्वासार्ह वाटते. एखादी कंपनी पश्चिम आफ्रिकेतून कोको घेते आणि आमच्याकडे एकही मूल काम करत नाही असे सांगते, तर तिने बहुधा शोधलेलेच नसते. म्हणून विक्रेत्याला "बालमजुरी आहे का?" असे विचारू नका, कारण उत्तर "नाही" असेच येणार. "तुम्ही ती कशी शोधता आणि सापडल्यावर काय करता?" असे विचारा.

टेमा बंदर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी घानामध्ये सहा वर्षे होतो, आधी टेमा बंदरातील गोदामात आणि नंतर कुमासीच्या आसपास खरेदीच्या कामावर. 'बालमजुरी' हा शब्द तिथे नेमके काय सांगतो, हे थोडे सविस्तर लिहितो, कारण ते कळल्याशिवाय उपायही कळत नाही.

कोकोचे फळ खोडावरच लागते. ते कोयत्याने तोडतात, एका ठिकाणी ढीग करतात आणि कोयत्यानेच फोडतात. आतील पांढऱ्या गरासह बिया केळीच्या पानांवर पसरून, वरून पानांनीच झाकून पाच-सहा दिवस आंबवतात, मग बांबूच्या तट्ट्यांवर आठवडाभर उन्हात वाळवतात. हे सर्व काम हाताचे आहे, कारण शेत दोन-चार हेक्टरांचे, झाडे दाट आणि वयाने जुनी असतात. घानात वाळलेल्या बियांच्या एका पोत्यात साडेबासष्ट किलो माल भरतात आणि सोळा पोत्यांचा टन होतो. मुलांच्या वाट्याला यातील कोणती कामे येतात, हा खरा प्रश्न आहे. वाळत घातलेल्या बिया हाताने फिरवणे, त्यांतील कचरा निवडणे अशी कामे शाळा सांभाळून मुले करतात आणि त्याला कोणी मजुरी म्हणत नाही. परंतु कोयता चालवणे, डोक्यावर जड ओझे घेऊन शेतातून रस्त्यापर्यंत चालणे, फवारणी होत असताना शेतात असणे, ही कामे धोकादायक ठरतात. मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या नडग्यांवर कोयत्याचे वण पाहिले आहेत. एका मुलाने मला ते मोजून दाखवले होते, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हते.

शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क संस्थेने २०१८-१९ च्या हंगामात केलेल्या पाहणीनुसार आयव्हरी कोस्टमध्ये सुमारे ७.९ लाख आणि घानात सुमारे ७.७ लाख, मिळून १५.६ लाख मुले कोकोच्या शेतीत बालमजुरी करत होती, आणि त्यांपैकी १४.८ लाख धोकादायक कामात होती. जगातील निम्म्याहून अधिक कोको या दोन देशांतून येतो, हे लक्षात घेतले म्हणजे तुमच्या विक्रेत्याच्या 'बाहेरच्या मालाचा' अर्थ लागतो. यांतील बहुतेक मुले स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या शेतावर काम करतात. माली आणि बुर्किना फासोमधून फसवून आणलेली मुले त्या मानाने थोडी, पण ती आहेतच. लहानपणी असे आणले गेल्याचे सांगणाऱ्या मालीच्या सहा जणांनी अमेरिकेत नेस्ले आणि कारगिल यांच्यावर दावा केला होता. जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा, कंपन्यांनी अमेरिकेत घेतलेले सर्वसाधारण निर्णय अशा दाव्यासाठी पुरेसे नाहीत, या कारणावरून अमान्य केला. मुलांवर काय गुदरले, याचा निवाडा झालाच नाही.

मूळ कारण भावात आहे. घानात कोकोची जमीन पुष्कळदा वाट्याने कसली जाते. 'अबुसा' पद्धतीत कसणाऱ्याला तिसरा हिस्सा मिळतो, 'अबुनू' पद्धतीत अर्धा. कोकणातील खोतीच्या काळातले तिर्धेल आणि अर्धेल ज्यांनी आजोबांकडून ऐकले असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एक तृतीयांश उत्पन्नात प्रौढ मजूर ठेवणे शक्य नसते, मग घरातील मुलांचे हात कामाला लागतात. मार्च २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोने टनाला १०,००० डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा आता शेतकरी श्रीमंत होणार असे अनेकांना वाटले. पण या देशांत पुष्कळसा माल आधीच्या भावाने आगाऊ विकलेला असतो. पुढच्याच महिन्यात आयव्हरी कोस्टच्या सरकारने शेतकऱ्याचा भाव वाढवून किलोला १,५०० सीएफए फ्रँक (तिथले चलन) केला, तो टनाला २,५०० डॉलरच्या जवळ जातो. आपल्याकडच्या कांद्याच्या शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

चॉकलेट उद्योगाने सप्टेंबर २००१ मध्ये, हार्किन आणि एंगेल या दोन अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या पुढाकाराने, एका करारावर सह्या केल्या. वाईट प्रकारची बालमजुरी २००५ पर्यंत थांबवण्याची दिशा त्यात ठरली होती. ती मुदत २००८ वर गेली, मग २०१० साली नवे उद्दिष्ट ठरले, की २०२० पर्यंत हे प्रमाण सत्तर टक्क्यांनी कमी करायचे. तेही गाठले गेले नाही. करार ऐच्छिक होता, आणि माझ्या मते तिथेच तो कच्चा राहिला.

तरीही ज्या गावांत काम झाले, तिथे फरक मी पाहिला आहे. गावातीलच एखादी व्यक्ती घरोघर जाऊन मुलांशी बोलते, कोण शाळेत जात नाही याची नोंद ठेवते, आणि मग त्या घराला नेमके जे हवे ते मिळवून देते. कुठे वह्या-पुस्तके, तर कुठे सायकल. आयव्हरी कोस्टमध्ये तर पुष्कळदा जन्माचा दाखला, कारण त्यावाचून मुलाला प्राथमिक शाळेनंतर पुढे जाता येत नाही. या कामाला पैसा लागतो आणि तो देणारा खरेदीदार लागतो.

शब्दवेडा

एवढे सगळे वाचल्यावर साधा प्रश्न पडतो. मग आफ्रिकेतील कोको घेणेच बंद का करू नये? चॉकलेट ही काही ज्वारी-बाजरी नव्हे. त्यावाचून कोणाचे अडणार नाही.

टेमा बंदर

आपले अडणार नाही हे खरे, पण त्यांचे अडेल. लाखो कुटुंबांचे रोख उत्पन्न केवळ या एका पिकावर आहे आणि मागणी घटली की भाव आणखी पडतो. पडलेल्या भावात सर्वांत आधी मुलाची शाळा सुटते. घानात १९९३ साली शेतकऱ्यांनी कुआपा कोकू ही सहकारी संस्था स्थापन केली, तेव्हा तिचे पहिले मोठे काम एवढेच होते की माल तोलणारा माणूस गावाने स्वतः निवडायचा, म्हणजे काट्यात मारले जाणार नाही. अशा संस्थांकडून कोणीतरी माल घेतला पाहिजे. तेव्हा 'आफ्रिकेतील कोको नको' असे म्हणण्यापेक्षा 'पत्ता नसलेला कोको नको' असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

पोफळबाग

मी दक्षिण कन्नड जिल्ह्यात, पुत्तूरच्या जवळ राहतो. आमच्या घरी चित्पावनी बोलतात, माझे लिखित मराठी त्यामुळे थोडे अडखळते, त्याबद्दल क्षमा असावी. चुलीपाशी यांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण आमच्या पोफळीच्या बागेत कोको हे आंतरपीक आहे. आजोबांनी सत्तरच्या दशकात ते लावले आणि थोड्याच वर्षांत खासगी खरेदीदारांनी हात आखडता घेतला. पुष्कळांनी त्या वेळी झाडे तोडून टाकली. १९७३ साली सुपारीसाठी स्थापन झालेली कॅम्पको ही सहकारी संस्था मग कोकोच्या खरेदीत उतरली आणि १९८६ साली तिने पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना उभारला, म्हणून आमची झाडे राहिली. आजही आमच्यापैकी बरेच जण ओल्या बिया जवळच्या केंद्रावर नेऊन घालतात. ओल्या तीन किलोंच्या वाळून साधारण एक किलो होतात.

आमच्याकडचे काम आफ्रिकेसारखे नाही, याचे कारण आम्ही अधिक चांगली माणसे आहोत असे नव्हे. आमचे घर सुपारीवर चालते. कोको हे वरचे उत्पन्न आहे, आणि पडला भाव तर आम्ही तो झाडावर खारींसाठी सोडून देऊ शकतो. त्या शेतकऱ्याला ती मोकळीक नाही. फळ फोडण्याची पद्धतही वेगळी आहे. आम्हाला कृषी संशोधन केंद्राने शिकवले, की कोयत्याने बी कापली जाते आणि तिला बुरशी लागते, म्हणून फळ दगडावर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर आपटून उघडावे. माझा नववीतला मुलगा सुटीच्या दिवशी हे काम करतो आणि गर चोखत बसतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे, पण शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या कामात मदत करण्यास मुभा आहे. ती मुभा कुठे मदत असते आणि कुठे मजुरी होते, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारले पाहिजे. मीही विचारतो.

भारतीय कोको म्हणजे आपोआप निर्मळ, असे मात्र मी म्हणणार नाही. सर्वांत जास्त पीक आंध्र प्रदेशात, नारळाच्या बागांतून येते. तिथल्या मजुरांविषयी मी सांगू शकत नाही, त्यासाठी तिथल्या खरेदीदारालाच विचारावे लागेल. दुसरे असे, की देशात पिकणारा कोको देशाच्या गरजेला पुरत नाही आणि बाकीचा आयात होतो. त्यामुळे 'भारतात तयार झालेले' असे लिहिलेल्या वेष्टनात भारतीय कोकोच असेल असे नाही. 'बीपासून वडीपर्यंत' स्वतः करणारे छोटे उत्पादक गेल्या दहा-बारा वर्षांत पुढे आले आहेत. ऑरोव्हिलचे मेसन अँड कंपनी, कोचीचे पॉल अँड माइक, पोल्लाचीच्या बागेतील सोकलेट, हैदराबादचे मनम. त्यांना तुम्ही थेट विचारू शकता, की बिया कोणाच्या बागेतल्या आणि ओल्या बियांना भाव काय दिला. या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळाले, तर पुढे बोलणी करण्यात अर्थ आहे.

किमतीबद्दल आधीच सांगतो. कंपाउंडच्या स्लॅबच्या तुलनेत हा माल कित्येक पट महाग पडेल. कंपाउंडमध्ये कोको बटर नसते, स्वस्त वनस्पतिजन्य मेद असतो, म्हणून ते स्वस्त असते. पण त्यातही कोको पावडर असतेच, आणि तिच्या मुळाचा शोध लावणे सर्वांत कठीण.

चुलीपाशी

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाने कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती.

या दहा दिवसांत मी माझ्या विक्रेत्याला आणि स्लॅब तयार करणाऱ्या दोन कंपन्यांना पत्र पाठवले. बिया कोणत्या देशातून आणि शक्य असल्यास कोणत्या सहकारी संस्थेकडून येतात, शेतकऱ्याला बाजारभावावर काही अधिक मिळते का, आणि बालमजुरी शोधण्यासाठी कोण घरोघर जाते, असे तीन प्रश्न विचारले. एका कंपनीकडून देशाचे नाव, सहकारी संस्थेचे नाव आणि पाहणीत सापडलेल्या मुलांची संख्या अशी तिन्ही उत्तरे आली. ती संख्या वाचून मला धक्का बसला, पण झानकाठ यांनी लिहिलेले आठवले आणि मी याच कंपनीचा माल घ्यायचे ठरवले. दुसरीकडून एक छापील निवेदन आले, ज्यात आपल्याकडे बालमजुरीला अजिबात थारा नाही असे म्हटले होते आणि बाकी काही नव्हते. विक्रेत्याने उत्तर दिलेले नाही.

या वर्षी साठाऐवजी पस्तीस किलोच चॉकलेट करीन. त्यातील पंधरा किलो गडद चॉकलेट भारतीय बियांचे असेल, वीस किलो वर सांगितलेल्या कंपनीचे. कंपाउंड पूर्ण बंद करते आहे. उरलेल्या डब्यांत खोबऱ्याच्या वड्या आणि तिळाची चिक्की जाईल, ती मला आईने शिकवली आहे आणि तिचा तीळ कोणत्या गावचा हे मला माहीत आहे. डब्यावर मी 'बालमजुरीमुक्त' असे लिहिणार नाही. कोको कोणत्या देशातला, कोणत्या संस्थेचा, आणि मला कोणती गोष्ट कळू शकली नाही, एवढे एका चिठ्ठीवर छापीन. त्या निवृत्त ग्राहकांना चिठ्ठीचा मसुदा दाखवला. त्यांनी एक वाक्य दुरुस्त केले आणि चाळीस डब्यांची मागणी कायम ठेवली, वाढलेल्या किमतीसह.

पोफळबाग, तुमची बाग पाहायला आले तर चालेल का? दिवाळीनंतर मला आठवडाभराची सवड असते.

पोफळबाग

अवश्य या. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आलात तर बरे, कारण तोवर पाऊस सरलेला असतो आणि अंगणात बिया वाळत घातलेल्या असतात. बसस्थानकावर उतरलात की तिथून आणायला येईन.